रंगवाल्यांचा चिखल

दुकानाच्या मागच्या खोलीत दर रविवारी जी मंडळी जमायची, त्यांच्यात रंगवाल्यांच्या पत्त्यांची थट्टा करणं हा जवळजवळ रिवाजच होऊन बसला होता. खोली कसली, वह्या-पेन्सिली आणि खेळणी विकणाऱ्या दुकानाचं ते मागलं कोठार. भिंतींना खोक्यांच्या थप्प्या, मधे घडीची टेबलं, आणि वर फिरण्यापेक्षा कुरकुरायलाच जास्त उत्सुक असलेला पंखा. तिथे चांगली कामधंद्याला लागलेली, केस पांढरे व्हायला आलेली माणसं पत्ते घेऊन बसत. राजा-राणीचे पत्ते नव्हेत, चित्रांचे. राक्षस, पक्षी, वादळं, किल्ले. प्रत्येकाने आपला गठ्ठा आपण जमवून आणायचा, आळीपाळीने पत्ते टाकायचे आणि समोरच्याचे प्राण संपवायचे, एवढाच काय तो खेळ. पण माणसं त्यात अशी बुडायची की चहा गार व्हायचा आणि घरून आलेले फोन वाजून वाजून गप्प बसायचे.

जिंकायचं असेल तर त्याचीही सोपी वाट होती. मोठ्या स्पर्धा जिंकणारे कुठले पत्ते खेळतात ते फोनवर बघायचं, तेच मागवायचे आणि तसेच लावायचे. निम्मी मंडळी हेच करत. रंगवाल्यांना ते काही केल्या पटत नसे. डोकं दुसऱ्याने चालवायचं आणि आपण नुसते हात चालवायचे, यात कसली मजा, असं ते म्हणायचे. दुकानाच्या मालकीणबाईंनी दाराशी एक खोका ठेवला होता. लोकांना नकोसे झालेले पत्ते त्यात पडत, ज्याला हवे त्याने उचलावेत. रंगवाल्यांनी आपला सगळा गठ्ठा त्या खोक्यातून उभा केला होता. बेडूक, गोगलगायी, शेवाळ, साचलेलं पाणी. एकेकटा पत्ता इतका दुबळा की कुणी ढुंकून बघू नये. पण ते शेजारी शेजारी आले की समोरच्याचे धिप्पाड राक्षस रुतायला लागायचे, हलेनासे व्हायचे, आणि मग बेडूक सावकाश त्यांचा फडशा पाडायचे. याला वेळ लागे. समोरच्याला जांभया यायला लागत, इतका वेळ. त्या गठ्ठ्याला 'चिखल' हे नाव कंपाउंडरने ठेवलं होतं.

कंपाउंडर म्हणजे त्यांचा जुना दोस्त. औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा असायचा. रंगवाल्यांना या खोलीत पहिल्यांदा ओढत आणलं ते त्यानेच, आणि जगात त्यांना 'रंग्या' म्हणणारा तो एकटाच उरला होता. मागल्या वर्षी रंगवाल्यांनी त्याला मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदा हरवलं, तर या पठ्ठ्याने पुढचे कित्येक दिवस औषध घ्यायला येणाऱ्या प्रत्येक खोकल्या-तापवाल्याला ती हकीकत ऐकवली. हरलेला माणूस इतका खूश झालेला रंगवाल्यांनी आयुष्यात दुसरा पाहिला नव्हता.

रंगवाले हे नाव धंद्यावरून पडलेलं. रंगाच्या दुकानात गिऱ्हाईक भिंतीचा टवका घेऊन यायचं आणि म्हणायचं, अगदी हाच रंग द्या. रंगवाले टवका दाराशी नेऊन उजेडात धरत, जरा वेळ बघत आणि मग डब्यात थेंब थेंब मिसळायला लागत. पिवळ्याचा थोडा, काळ्याचा अगदी नावाला. पुढे दुकानात यंत्र आलं. टवका दाखवला की तेच रंग सांगायचं. तरी जुनी गिऱ्हाइकं म्हणत, यंत्राचं राहू द्या, त्यांना बोलवा. चिखलही त्यांनी असाच मिसळला होता. एक गोगलगाय काढायची, थोडं शेवाळ घालायचं, खेळून बघायचं, परत काढायचं. वर्षानुवर्षं हेच चाललेलं, आणि त्यात ते सुखी होते.

मग त्यांची नजर जायला लागली, आणि गेली ती बरोबर मधोमध. माणसाच्या तोंडाकडे बघितलं की तोंड पुसलं जायचं आणि दोन कान तेवढे शिल्लक राहायचे. ज्या गोष्टीकडे बघावं तीच नाहीशी, आणि जिच्याशी काही देणंघेणं नाही ती कडेला स्पष्ट. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल, गेलेलं परत येणार नाही, आणि वर्षभरात आणखी जाईल. रंगही विटत चालले होते. एका गिऱ्हाइकाला रंगवाल्यांनी राखाडी म्हणून हिरवट रंग दिला, त्याने तो अख्ख्या जिन्याला फासला आणि मग बोंब झाली. मालकाने त्यांना गोदामात डबे लावायच्या कामाला बसवलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने खांद्यावर हात ठेवला, आणि त्या दिवसापासून दुकानातली झाडून सगळी माणसं त्यांच्याशी मोठ्याने बोलायला लागली. डोळे गेलेल्या माणसाचे कानही गेलेत असं लोकांना का वाटतं, देव जाणे.

तेव्हाच रंगवाल्यांनी मनाशी पक्कं केलं की मागच्या खोलीत हे कळू द्यायचं नाही. कंपाउंडरलासुद्धा नाही. त्यांना एकच गोष्ट हवी होती. वर्षाची मोठी स्पर्धा जवळ आली होती, आणि चिखल आजवर कधी शेवटच्या चारांत पोचला नव्हता. एकदा तो तिथे न्यायचा, स्वतःच्या बळावर, चारचौघांसारखं खेळून. पुढच्या वर्षापर्यंत डोळे थांबणार नव्हते. हातातले पत्ते ते कानाजवळ तिरके धरून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला शिकले. कुणी विचारलं तर मान आखडलीय म्हणायचे. पण बेडूक म्हणून गोगलगाय पडायची, आणि मग हसून वेळ मारून न्यावी लागायची.

हे सगळं बायको घरात बघत होती. तिचा धंदा रफूचा. जिन्याखालच्या एवढ्याशा खोलीत बसून ती लोकांच्या कोटांची, शालींची भोकं अशी बुजवायची की मालकालाही नंतर जागा सापडत नसे. लपवणं हेच तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवरा खिडकीशी उभा राहून एकेक पत्ता कानाला लावतोय हे बघून तिचा जीव तुटायचा. बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण डोळ्यांचा विषय निघाला की ते उठून बाहेर जात.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी रंगवाले गोदामातून घरी आले, तर तिने चिखल त्यांच्या पुढ्यात ठेवला. प्रत्येक पत्ता प्लॅस्टिकच्या कव्हरात असतो, पुढून पारदर्शक, मागून काळं. दुपारभर बसून तिने सुई तापवली होती आणि कव्हराच्या एका कोपऱ्याला टेकवून बारीक दाणा उठवला होता. बेडकाला एक, गोगलगायीला दोन, शेवाळाला तीन, पाण्याला काही नाही.

"हात लावून बघा," ती म्हणाली.

रंगवाल्यांनी वरचा पत्ता घेतला, अंगठा फिरवला. बेडूक. दुसरा घेतला. गोगलगाय. त्यांनी सगळा गठ्ठा असा बोटांखालून घातला, एकही चूक नाही. कित्येक महिन्यांत ते इतके मनापासून हसले नव्हते, आणि ते हसतायत म्हणून ती हसत होती. दिव्यापुढे धरून बघा, ती म्हणाली, डोळ्यांना काही दिसत असेल तर माझं नाव बदला. आणि खरंच काही दिसत नव्हतं, चांगल्या डोळ्यांनाही दिसलं नसतं.

पण या खेळात खुणेच्या पत्त्यासारखं पाप नाही. आणि डावाआधी आपला गठ्ठा समोरच्याच्या हातात द्यायचा असतो. तो पिसतो, कापतो, मग परत देतो. ती कधी खेळ बघायलाच आली नव्हती, तिला हे कुठून ठाऊक असणार. तिच्या धंद्यात उजेडात दिसलं नाही की काम संपलं. रंगवाल्यांना मात्र सगळं ठाऊक होतं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, म्हणजे तिच्या दोन कानांकडे बघितलं, आणि सांगायचं टाळलं. तिचं मन मोडवत नव्हतं हे खरं, आणि त्यांना स्वतःलाही ते दाणे सोडवत नव्हते हेही तितकंच खरं. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली. गठ्ठ्यातून पत्ता उचलताना आपण दाण्याच्या कोपऱ्याला हात लावायचाच नाही. पलीकडच्या टोकाला धरून उचलायचा आणि हातात आल्यावरच चाचपायचा. म्हणजे कडेने बघून वाचला काय आणि बोटाने वाचला काय, फरक कुठे पडला. ही पळवाट आहे हे त्यांना आतून कळत होतं, पण माणूस आपल्या सोयीचं असलं की स्वतःशी फार वाद घालत नाही.

स्पर्धेच्या सकाळी बायको बरोबर आली. खेळ बघायचाय म्हणाली हो, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे रस्ता ओलांडायला आता एकट्याने धीर होत नव्हता. ती एका खोक्यावर बसली आणि कुणाचातरी कोट मांडीवर घेऊन रफू करू लागली. रंगवाले पहिला सामना जिंकले. दुसराही जिंकले. दूरच्या टोकाला दोन बोटांत धरून पत्ता उचलायची त्यांची नवी ढब बघून कुणीतरी म्हणालं, पत्ता उचलताय की निखारा. सगळे हसले, रंगवालेही हसले. आता तिसरा सामना. जो जिंकेल तो शेवटच्या चारांत. समोर येऊन बसला कंपाउंडर.

"चपला काढून येऊ का रे?" तो म्हणाला. "तुझ्या चिखलात शिरलं की नाहीतरी तिथेच राहतात."

पहिला डाव रंगवाल्यांनी जिंकला, आणि तो देखणा जिंकला. कंपाउंडरचा मोठा राक्षस बेडकांनी असा वेढला की तो स्वतःच हसायला लागला. दुसऱ्या डावासाठी त्याने रंगवाल्यांचा गठ्ठा पिसायला हातात घेतला. हा माणूस दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्या हाताळणारा, न बघता गोळ्या मोजणारा. पिसता पिसता त्याचा अंगठा थांबला. त्याने गठ्ठ्याचा कोपरा पुन्हा एकदा चाचपला. मग वरचा पत्ता न उलटता त्यावर बोट फिरवलं, थोडा विचार केला, आणि तो उलटा केला. बेडूक. पुढच्यावर बोट फिरवलं. गोगलगाय. आणखी एक बेडूक. आता त्याला उलटायच्या आधीच कळत होतं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने गठ्ठा टेबलावर ठेवला आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, "रंग्या, हे काय आहे?"

शेजारच्या टेबलांवरचे डाव थांबले. मालकीणबाई उठून आल्या. पंच त्याच होत्या. त्यांनीही कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. कव्हरं बदलतो, रंगवाले पुटपुटले, हा डाव तुझाच धर.

"ते नाही विचारलं मी," कंपाउंडर म्हणाला. "हे कधीपासून आहे?"

रंगवाल्यांनी गठ्ठा आपल्याकडे ओढला.

"मागल्या वर्षी मला हरवलंस. तेव्हा पण होतं?"

इथवर रंगवाल्यांनी ठरवलं होतं की लबाड म्हणवून घ्यायचं आणि घरी जायचं. बिचारा म्हणवून घेण्यापेक्षा ते परवडलं. पण हा प्रश्न त्यांना सोसला नाही. तो एक डाव त्यांनी दोन डोळ्यांनी खेळला होता, डोक्याने जिंकला होता, आणि या माणसाने तो गावभर मिरवला होता. तोच आता त्याच्या मनात नासत होता, आणि तो तसा नासलेला राहिला असता कायमचा. तेवढ्यात खोक्यावरून बायको उठली. मांडीवरचा कोट खाली पडला.

"ते मी केलंय," ती म्हणाली. "त्यांना न विचारता केलंय. यात खोटं असतं हे मला माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं," रंगवाले म्हणाले. "तिला नव्हतं, मला होतं. आजच्यापुरतं आहे ते. मागल्या वर्षी काही नव्हतं."

"माझ्याकडे बघून सांग."

"बघतोय."

"कुठे बघतोयस? माझ्याकडे बघ."

रंगवाल्यांची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडच्या खोक्यांकडे लागली होती. नजर चुकवणारा माणूस खोटं बोलत असतो हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाला त्या क्षणी तसंच वाटलं. दोस्ताचं तोंड एकदा नीट बघता यावं म्हणून रंगवाल्यांनी मान आणखी थोडी बाजूला वळवली.

"सरळ बघितलं की तू दिसत नाहीस रे," ते म्हणाले. "असं बाजूला बघितलं की दिसतोस."

मग रंगवाल्यांनी थोडक्यात सगळं सांगून टाकलं. डोळे, डॉक्टरीणबाई, जिन्याचा हिरवट रंग, गोदाम. दूरच्या टोकाला धरून पत्ता उचलायचं कारणही सांगितलं. सांगताना त्यांना कसलीशी सुटका वाटत होती आणि लाजही वाटत होती. कंपाउंडरने त्यांचा हात धरला. तो रडत होता हे दिसलं नाही, पण ऐकू आलं.

मालकीणबाईंनी निकाल दिला. जिंकलेला डाव रद्द. चिखलाला नवी, कोरी कव्हरं घालायची आणि एकच डाव नव्याने खेळायचा, त्यावर सामना. कुणाचीच हरकत नव्हती. उलट एकाने आपली न वापरलेली कव्हरं पुढे केली, दुसरा चहा घेऊन आला, तिसऱ्याने टेबल दाराच्या उजेडात ओढलं. ज्याने सकाळी निखाऱ्याची थट्टा केली होती तो जवळ येऊन म्हणाला, काका, काही लागलं तर सांगा. मोठ्याने म्हणाला. सकाळपर्यंत त्या खोलीत ते कुणाचे काका नव्हते.

बायकोसाठी कंपाउंडरने आपल्या शेजारी खुर्ची ओढली. ती त्याच्या बाजूला जरा मागे बसली, कोट पुन्हा मांडीवर घेऊन, पण सुई काही तिने हातात घेतली नाही. डाव सुरू झाला. आता चोरी उरली नव्हती, म्हणून रंगवाले उघड उघड पत्ते कानाशी धरून, मान वळवून वाचत होते. वेळ लागत होता. एरवी अशा वेळी कंपाउंडर दहादा म्हणाला असता, उठवा रे याला, झोपला बघा. आज तो म्हणत होता, सावकाश होऊ दे.

तरी सुरुवातीला डाव खरा चालला होता. खेळता खेळता रंगवाले बाकी सगळं विसरायला लागले. शेवाळ पसरलं, पाणी साचलं, बेडूक एकामागून एक उतरले. पण बेडकांना बगळ्याचं भय. बगळ्याचा पत्ता पडला की टेबलावरचे सगळे बेडूक एका झटक्यात साफ, आणि कंपाउंडरच्या गठ्ठ्यात बगळे असतात हे रंगवाले जाणून होते. चांगला पत्ता हातात आला की त्यावर नखाने टिचक्या मारायची त्याला खोड होती. मधेच तो टकटक आवाज रंगवाल्यांना ऐकू आला. आला, त्यांनी मनात म्हटलं, आता बगळा पडणार. आणि मग कसं सावरायचं, हातात काय राखून ठेवायचं, याचा ते झपाट्याने विचार करू लागले. छातीत धडधडत होतं, आणि ती धडधड सुखाची होती. याचसाठी तर हा खेळ.

आवाज बंद झाला. थोडा वेळ काहीच झालं नाही.

"मी काही टाकत नाही," कंपाउंडर म्हणाला. "तुझी पाळी."

"नक्की?"

"काय करू, नशीबच फुटकं. हात सगळा रिकामाच म्हणायचा."

रंगवाल्यांनी बेडूक पुढे सरकवले. पुढच्या पाळीलाही कंपाउंडरने काही टाकलं नाही. त्याच्या पुढच्या पाळीला त्याचे प्राण संपले. चिखल पहिल्यांदाच शेवटच्या चारांत पोचला होता, आणि सगळी खोली टाळ्या वाजवत होती. त्या खोलीत जिंकलेल्याला कुणी कधी टाळ्या वाजवत नसे. जिंकलेल्याला तिथे शिव्या पडत, नशीबवान म्हणून हिणवत, आणि चहा त्याच्याच माथी मारत.

पुढच्या सामन्याला अवकाश होता. बायकोने हाताला धरून त्यांना बाहेर आणलं आणि दोघं दुकानाच्या पायऱ्यांवर बसली. कुणीतरी दोन कप चहा आणून दिला आणि कौतुकाने त्यांच्या पाठीवर थोपटून आत गेलं. रस्त्यावरून सायकली जात होत्या. समोरच्या घरात कुणी गालिचा झटकत होतं. रंगवाल्यांनी कप दोन्ही हातांत धरला होता.

"एक विचारू?" ते म्हणाले. "खरं सांगशील?"

"विचारा."

"तू त्याच्या शेजारी होतीस. त्याच्या हातात बगळा होता का? पांढरा, लांब चोचीचा."

जन्मभर लोकांची भोकं बुजवलेली ती बाई. एक 'नाही' म्हणून हेही तिला बुजवता आलं असतं, आणि सहज आलं असतं. ते तिच्या ओठांवरही आलं होतं. पण कालच दुपारी आपण असंच मायेपोटी काहीतरी केलं आणि त्याचं काय झालं, ते तिने आत्ताच डोळ्यांनी पाहिलं होतं.

"होता," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "दोन होते."

एक असता तर रंगवाल्यांनी कशीबशी मनाची समजूत घातली असती. राखून ठेवला असेल, वेळ चुकली असेल, विसरला असेल. दोन म्हटल्यावर काही उरलंच नाही. त्यांनी कप पायरीवर ठेवला आणि ते रडू लागले. डॉक्टरीणबाईंसमोर ते रडले नव्हते, गोदामात रडले नव्हते. आज दुकानाच्या पायरीवर, भर दिवसा, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत रडले. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"मागल्या वर्षीचा डाव वाचवला गं मी," ते म्हणाले. "तेवढ्यासाठी सगळं सांगितलं. तो वाचला. पण आता इथून पुढे मी जिंकलो की त्यांनी जिंकवला, हे मला कधी कळायचंच नाही. माझ्याशी आता कुणी खेळणारच नाही."

तिने काही समजूत घातली नाही. घालण्यासारखी नव्हतीच. कंपाउंडर वाईट माणूस नव्हता, त्या खोलीत एकही माणूस वाईट नव्हता, आणि त्यामुळे भांडायलाही कुणी हाताशी नव्हतं. रंगवाल्यांनी बाहीने तोंड पुसलं.

"चल, घरी जाऊ," ते म्हणाले.

"पत्ते आत राहिलेत तुमचे."

"राहू देत."

ती उठली, कोट काखेत धरला आणि आपला दंड त्यांच्या हाताखाली दिला. ते पायऱ्या उतरत होते तेव्हा आत मालकीणबाई शेवटच्या चारांची नावं पुकारू लागल्या होत्या. रंगवाल्यांचं नाव आलं तशा टाळ्या पडल्या. दोघं रस्ता ओलांडून पलीकडे गेली तरी त्या थांबल्या नव्हत्या. बिचाऱ्यांना यायला वेळ लागणारच, असं समजून आतली माणसं टाळ्या वाजवत राहिली होती.